रकाना : इतर

ठराव क्रमांक अठरा.
सूचक रेवाराम लांजेवार, अनुमोदक शकुन उईके.
काही हात जांभई देतानाच वर गेले होते,
तेही मोजले.

आता गावात घर बांधायचं तर
शोषखड्डा आधी, जोतं मग.
छपराचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही.
विटा राखेच्या, म्हणजे धुऱ्याची माती भट्टीत जाणार नाही.
जुनी भिंत दुरुस्त करायची तर तिच्याच जातीची.
आणि अंगणातलं झाड तोडण्याआधी
झाडाला नाही, निदान पंचायतीला विचारायचं.

मी शिपाई.
ठराव माझ्याच सायकलवरून फिरला,
हँडलला पिशवी, पिशवीत कोरे अर्ज आणि तीस मीटरचा फीत,
त्यातला पहिला अर्धा मीटर तुटलेला,
म्हणून गावातलं प्रत्येक माप मी
पन्नासपासून सुरू करतो.

पहिला अर्ज गोपिका निखाडेचा.
मागच्या भिंतीचा कूड वाळवीनं खाल्लेला.
मी तिच्या ओट्यावर बसून विचारत गेलो, लिहीत गेलो.
बांधकामाचं साहित्य :
सिमेंट, वीट, दगड, इतर.
"इतर म्हंजे काय जी?"
"यात जे नाही ते."
"मंग माह्या घरावर करा खूण."

"अन् लिवा," ती म्हणाली,
"बोडीतली माती, तणस, शेन,
लिंबाचा पाला उकळून त्याचं पानी.
आठ दिस भिजवतो मी, पायानं तुडवतो,
मंग हातानं लिपतो."
रकाना दोन बोटांचा.
लिंबाचा पाला समासात गेला,
तुडवणं मावलंच नाही.

पाहणी नवतप्यात आली.
शाळेतून उष्णतामापक मागून आणला होता.
तिच्या घरात, कवेलूंखाली : चौतीस.
पंचायतीच्या नव्या इमारतीत, पंखा सुरू : एक्केचाळीस.
सचिव म्हणाले, यंत्र बिघडलेलं असेल.
मी ते काखेत लावून पाहिलं.
यंत्र बरोबर होतं. मीही.

तरी नमुना आठमध्ये तिचं घर : कच्चं.
घरकुलाच्या यादीत : पक्कं करणे आवश्यक.
ठरावात : आदर्श.
एकाच टेबलाच्या तीन खणांत
तिची तीन घरं आहेत,
आणि तिसऱ्या खणाची चावी हरवलेली.

परवाना घेताना तिनं बाहेर पाहिलं.
पंचायतीच्या गच्चीचा पाइप
सरळ रस्त्यावर तोंड करून,
आणि कडुलिंबाच्या खोडाला गळ्यापर्यंत
लाल-पिवळे गट्टू.
"अन् हापिसाचा अर्ज कुठी हाय?"
एवढंच विचारलं, आणि गेली.

त्या रात्री मी नोटीस लिहिली.
ग्रामपंचायतीकडून, ग्रामपंचायतीस.
विषय : ठराव क्रमांक अठराचे उल्लंघन.
सकाळी चाळीस कागदांच्या मधोमध ठेवली,
सचिवांनी सही केली, पेनाचं टोपण दातात धरून.
जावक क्रमांक मी टाकला.
मीच ती नेऊन दिली, दारातून बाहेर, दारातून आत,
मीच घेतली, आवक क्रमांक टाकला,
पोच म्हणून अंगठ्याशेजारी सही केली, इस्तारी भोयर.
मुदत सात दिवस.

सात दिवस कोणी काही बोललं नाही.
आठव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
मी पहार घेतली आणि
लिंबाभोवतीचे चार गट्टू उचकटले.
खाली माती होती.
पांढुरकी, पिठासारखी कोरडी,
बांधकाम झाल्यापासून तिला कोणी पाणी विचारलेलं नाही.
डब्यातलं उरलेलं ओतलं.
एवढं भस्सकन गेलं
की मी डबा उलटा धरूनच उभा.

सरपंचबाईंनी खिडकीतून पाहिलं.
रागावल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत,
खिडकी मात्र उघडीच ठेवली.

पाइप अजून रस्त्याकडेच आहे.
त्यासाठी अंदाजपत्रक लागतं म्हणे.

गोपिकाबाईची भिंत वाळतेय.
चौकटीपाशी एका जागी तिचा पंजा उमटला,
तो तिनं सारवला नाही, की विसरली, ठाऊक नाही.
चार गट्टू ती मागून घेऊन गेली,
रांजणाखाली ठेवायला.

त्यांची नोंद मात्र बाकी आहे.
तिचं घर आता मातीचं,
अधिक चार गट्टू सिमेंटचे.
मी अर्ज पुन्हा काढलाय.
फीत पन्नासपासून धरलाय.
खूण कुठं करायची, बघतोय.