ढग महापेत राहतो

रात्री दोन वीसला स्क्रीन पांढरी झाली.
तुर्भ्याच्या भाजी मार्केटात, गाळ्याच्या पोटमाळ्यावर
मी, एक टेबलफॅन,
आणि खाली नारायणगावचे टोमॅटो भरलेले टेम्पो,
बिल नाही म्हणून अडलेले.

कंपनीला फोन लावला.
आधी बासरी. मग एक बाई म्हणाली,
तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.
मग पुन्हा बासरी.
शेवटी एक नंबर मिळाला, अकरा आकडी.
आता माझं नाव तेच.

शेजारच्या गाळ्यातल्या प्रणाली मढवीला हाक मारली.
तिने भानुशालींच्या हिशेबनिसाला उठवलं,
त्याने वाशीतल्या कुणा एडविनला,
जो म्हणे हेच सॉफ्टवेअर घरी, स्वतःच्या मशीनवर चालवतो.
एडविन झोपेत बोलत होता, पण नेमकं:
लॉग बघा. डिस्क भरली असेल. सर्व्हिस बंद करून चालू करा.
कुठून? मी विचारलं.
तो थांबला.
"अच्छा. तुमचं कंपनीच्या ढगात आहे."
दुसऱ्या डॉक्टरचा पेशंट समोर आल्यासारखा
जरा वेळ गप्प.
"मग ताई, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची.
मी फार तर दार कुठे ते सांगेन."

दार मला माहीत होतं.
कामावर येताना रिक्षातून दिसतं,
महापेला, बिनखिडक्यांची राखाडी इमारत.
गेटवर प्रणालीचा सख्खा मामा रखवालीला.
तिने त्यालाही फोन केलाच.
मामा म्हणाला, दिवे चालू आहेत, पंखे घोंघावतायत,
बाकी आत मलाच कुठे सोडतात गं!

मग भानुशालींचा हिशेबनीस
कुठल्याशा कपाटातून जुना कार्बन घेऊन आला.
प्रणालीने फुटपट्टीने रकाने आखले.
मी जिन्यावरून वजनं ओरडले, ती लिहीत गेली,
बोटं निळी, सहा चुकून आठ, पुन्हा सहा.
एडविनने फोन ठेवला नव्हता.
का, ते मी विचारलं नाही.

टेम्पो सुटले.

पाच चाळीसला कंपनीचा मेल:
आपली समस्या सोडवण्यात आली आहे.
कुणी सोडवली, झालं काय होतं, अक्षर नाही.
आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.

खरं सांगायचं तर सोडवली त्यांनीच.
आमच्यातल्या कुणाला ते जमलं नसतं.
मी तीन दिले, मग खोडून चार.

आणि निळ्या वहीतली सदतीस बिलं
एकेक करून वर ढगात चढवत बसले.
टेबलावर फोन उघडा होता.
एडविन लाइनवर घोरत होता.