दम खाऊ दे

मे महिना, दुपारचे साडेबारा.
तांडापेठेत कूलरच्या जाळीतून
गारव्यापेक्षा धूळच जास्त येते.
ख्राइस्टचर्चला संध्याकाळचे सात.
फोनच्या चौकोनात हेमराज, स्वेटरमध्ये,
आणि बिडाचा एक काळा तवा.

"बाबा, पाहा, हरणाचं आहे.
इथं शेतात पाळतात, मेंढ्यांसारखं.
दुकानात मिळते. पावती देतात."

बाबांनी उशी मागे सरकवली.
वय ब्याऐंशी, हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन.
"पावती," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा,
"पावती."

मी सत्तावीस वर्षं मेयोच्या ओपीडीत
आहाराचे तक्ते लिहिते आहे.
मुंगन्याचा पाला, अळीव, गूळ,
खात असाल तर कलेजी, वरून लिंबू,
जेवणावर लगेच चहा नको.
तोंडाला सवय म्हणून बोलून गेले,
शंभर ग्रॅमला प्रथिनं तेवीस, लोह तीन-साडेतीन,
चरबी जेमतेम दोन. बोकडापेक्षा कितीतरी रोडकं.

"चरबी नाही म्हणूनच तर दगा देते," बाबा म्हणाले.
देवलापारच्या पुढच्या डाकबंगल्यात आचारी होते ते.
बाहत्तरच्या आधी जीप भरून यायच्या.
नंतर वांगं आणि तुरीची डाळ.
"मिनिटभर जास्त झालं का चप्पल होते.
मीठ आधी लाव. पाणी पुस फडक्यानं.
तेल तव्यावर नको, मांसाले चोळ."

"काळा मसाला आहे बाबा, गोळीबार चौकातला."
"नको बे. तो बोकडाले शोभते. मिरे ठेच फक्त.
जवसाचं तेल आहे का तुयाकडे?"
"इथं ते लाकडाला लावतात, बाबा."
बाबा इतके हसले
की मला पाण्याचा तांब्या पुढे करावा लागला.

चर्र झालं.
आवाज अर्धा सेकंद उशिरा आला, धूर आधी.
एक बाजू, दुसरी बाजू,
मग सुईसारखा थर्मामीटर खुपसून हेमराज म्हणाला, "छप्पन्न."
बाहेर आमचं ऊन शेहेचाळीस.

"उतरव आता. हात नको लावू.
पाच मिनिटं दम खाऊ दे त्याले.
पळणारी जात आहे ते."

हेमराज प्लेट शोधायला गेला.
फोन ओट्यावर, पडद्यावर नुसतं छत.
त्या छताकडे पाहत बाबा बोलले, मला नाही, छताला.

"पंच्याहत्तरात तुया मायचं रक्त पाच होतं.
तू पोटात. जीभसुद्धा पांढरी.
नर्सबाई म्हणे, नागपूरले न्या. नेऊ कशानं?
रात्री बुधाजीनं सागाच्या पानात बांधून आणलं.
कायदा मले ठाऊक होता.
फाटकावरचा बोर्ड रोज मीच पुसत होतो."

मला काहीतरी दुसरं विचारायचं होतं.
विचारलं ते असं, "किती शिजवलं?"

"पार. गाळ होईस्तोवर.
वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं,
अंगणात गोवऱ्या पेटवल्या.
दम खायले वेळ कोठं होता.
आठ दिवस वाटीवाटीनं पाजलं तिले.
मी नाही खाल्लं. चव पाहतो ना आचारी,
तीही नाही पाहिली."

आईनं कधी सांगितलं नाही.
तिला ठाऊक होतं का, तेही आता कळायचं नाही.
मी आपल्या हाताच्या शिरा पाहत बसले,
जणू तिथं लिहिलेलं असेल कुठे.

हेमराज परत आला, कापलं.
आत गुलाबी, कडेला तपकिरी,
रस ताटात वाहिला नाही, आतच राहिला.
"कसं झालं, बाबा?"
बाबांनी नजर खिडकीकडे नेली.
"चांगलं. जेव तू. थंड करू नको."

फोन ठेवला. मी अळिवाची खीर आणली,
कोमट, गुळाची, वर जायफळ.
त्यांनी वाटी नाकाशी धरली,
चमचा बुडवला, तसाच थांबवला.
"याची पावती आहे ना गं?"

हसावं की काय ते कळेना.
कूलरची टाकी रिकामी वाजू लागली होती.
मी बादली घेऊन उठले.