गोपनीय सूचना, पक्षकार ब

शनिवार, दुपारी अडीच. फोर्टमधल्या कॉलेजचा तिसरा मजला.
आधी बाकं हलवायला लावतो मी,
समोरासमोर नको, काटकोनात.
समोरासमोर बसलं की माणसाची हनुवटी
आपोआप वर जाते.
कुणीतरी हे वहीत उतरवून घेतं.
लिहू नका, म्हणतो, बसून बघा.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत
वाढलेली ही मुलं
पायरी चढायचीच फी भरून आलीत,
आणि मी त्यांना शिकवतो
अर्ध्यातून खाली कसं उतरावं
अशिलाचा हात धरून,
आपण हरलो असं त्याला वाटू न देता.

आजचा वाद: लालबागचा एक डंक,
मिरच्या-मसाला कुटायचा.
दोन सख्खे भाऊ, एक गाळा, एकच पाटी.
अ-ला गुलाबी कागद, ब-ला पिवळा.
वर ठळक अक्षरांत: गोपनीय सूचना. दुसऱ्या पक्षाला दाखवू नये.
किती लाखांच्या खाली यायचं नाही,
काय कबूल करायचं, काय गिळायचं,
सगळं मीच टाइप केलेलं, दोन बोटांनी.

अ म्हणजे सुश्रुत परुळेकर, टाय लावून आलाय.
चार मिनिटांत त्यानं तीन कलमं काढली.
ब म्हणजे डेलिशा लोपीस, वसईची.
तिनं चौथं काढलं. आवाज चढले.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
तीस वर्षं याच आवाजावर घर चाललं माझं.

मध्यस्थ, आल्फिया मुकादम.
ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही.
तिनं पेनाला टोपण लावलं. थांबली.
इतकी थांबली की दोघंही थकले गप्प राहून.
मग विचारलं,
"दुकान सकाळी कोण उघडायचं?"

डेलिशानं पिवळा कागद वाचला. उलटा केला.
मागची बाजू कोरी.
"यात नाहीये, सर."
नसेल तर बनवा, म्हटलं.
मग ती इंग्रजी सोडून बोलली,
"मीच. साडेपाचला. दादाला मिरचीनं दम लागायचा.
पहिला घाणा मी काढायचो,
धूळ खाली बसली की नऊला तो यायचा."

सुश्रुत गुलाबी कागदाकडे बघत राहिला.
"पण माझ्याकडे लिहिलंय,
ब पहाटे येतो, गल्ल्यावर हात मारायला."

ते वाक्य माझं आहे.
या कागदाच्याही आधीचं,
दिवाणी दाव्यातला परिच्छेद नऊ:
प्रतिवादी पहाटे, इतरांच्या नकळत, सदर गाळ्यात प्रवेश करतो.
अ माझा अशील होता.
चौदा वर्षं चाललं. जिंकलो, खर्चासकट.
त्यानं पेढे आणले, पुडक्याला मिरचीचा वास.
कागद करताना मी नावं बदलली, रकमा बदलल्या,
पहाट तेवढी तशीच राहिली.

धाकटा का यायचा, मला माहीत नाही.
उलटतपासणीचा पहिला धडा:
ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये.
हा धडाही मीच शिकवतो, मंगळवारी, दुसऱ्या वर्षाला.

डेलिशाचं उत्तर बनवलेलं आहे, मला कळतं.
पुराव्यात टिकायचं नाही.
परिच्छेद नऊ मात्र टिकला होता.

गुणांच्या तक्त्यात रकाने चार:
तयारी, पर्याय, ऐकणे, मांडणी.
आल्फियाचा प्रश्न एकातही बसेना.
'ऐकणे'त घालावा तर तेव्हा ऐकायला काहीच नव्हतं.
समासात लिहिलं, साडेपाच.
याचे गुण किती, ते अजून ठरवलेलं नाही.

तोडगा निघाला नाही. पाटीवर अडलं, मग वेळ संपली.
कागद गोळा करताना सुश्रुतनं विचारलं,
"सर, ही खरी केस होती का?"
मी म्हटलं, गोपनीय.
सगळी हसली.
आल्फिया पाठमोरी होती,
सोमवारच्या लेखी परीक्षेसाठी
बाकं पुन्हा एकामागे एक लावत.