ताळा

सोमवारी दुपारी खरे आकडे येतात.
तोवर सगळं अंदाजपंचे दाहोदरसे,
फक्त इस्त्रीचे कपडे घातलेलं.
रविवारी सकाळी स्टुडिओ जो आकडा सांगतो
त्यात अजून न उजाडलेली रविवारची संध्याकाळही
धरलेली असते.

बर्बँकमध्ये, टायरच्या दुकानावरच्या माडीवर
अराक्सी तेरझियन पेन्सिलीला टोक करते.
एकवीस वर्षं दर बुधवारी ती सांगत आलीय,
शुक्रवार ते रविवार किती डॉलर जमतील.
किती लोक अंधारात येऊन बसतील, असं ती म्हणत नाही.
एकदाच म्हणाली, मला शिकवताना, चुकून.

मी नवा होतो. वर्षभराच्या चुका,
अधिकच्या नि वजाच्या, एकत्र मिळवल्या
आणि सरासरी काढली: अर्धा टक्कासुद्धा नाही!
तिने कागद उलटा ठेवला.
'पाणबुडीच्या सिनेमाला नव्वद लाख जास्त सांगितले,
पाणमांजरांच्या सिनेमाला नव्वद लाख कमी.
दोघांनी एकमेकांची चूक फेडली का?
चिन्हं पूस.
चुकीला दिशा असते, पण आधी तिची लांबी मोज.'

मोजली. मग प्रश्न, भागायचं कशाने?
खऱ्या आकड्याने भागलं तर
वीस सांगून दहा आले: चूक शंभर टक्के.
दहा सांगून वीस आले: पन्नासच.
'म्हणजे या गणितात भित्र्याला सूट आहे,' ती म्हणाली,
'आणि आपल्या धंद्यात भित्रे काय कमी आहेत?'

बेकर्सफील्डहून ओडेलचा फोन येतो.
त्याचे सहा पडदे, त्यातला एक बंद.
तो चूक मक्याच्या पोत्यांत मोजतो.
'तुमच्या भरवशावर शुक्रवारी चार पोरी बोलावल्या,
आठ वाजता दोघींना घरी पाठवलं.
एक तर बसने आली होती, पन्नास मिनिटं.
हे तुमच्या तक्त्यात कुठे बसतं?'
अराक्सी लिहून घेते.
तक्त्यात नाही. समासात.

आणि एकदा, ऑगस्टात,
अंदाज नि खरा आकडा तंतोतंत जुळले.
दशांशचिन्हाच्या पुढेसुद्धा.
मी एवढ्याने ओरडलो की खाली टायरवाल्याचा पाना पडला.
स्टुडिओकडून केक आला, वर साखरेचा शून्य.

ती मात्र चार दिवस उकरत बसली.
टेक्सासात वादळाने थिएटरं बंद होती,
ओहायोत शाळांची सुट्टी लांबली होती,
आम्ही दोन्ही धरलं नव्हतं.
इकडे खड्डा, तिकडे ढिगारा,
ढिगारा खड्ड्यात कोसळला
आणि जमीन सपाट दिसली.
बोलाफुलाला गाठ.
केक तिने खाली पाठवून दिला.
वहीतल्या त्या शून्याभोवती लाल वर्तुळ आहे,
बाजूला तिच्या बारीक अक्षरात:
सर्वांत मोठी चूक. मोजता आली नाही.

आज परत बुधवार.
ती आकडा लिहिते, बघत राहते,
पेन्सिल उलटी करून
मागच्या रबराने दशांश पुसते.
मग ओडेलला फोन.
'तिघींना बोलाव,' म्हणते.
थांबते.
'बसने येते तिला
आधी विचार.'