हात लावायला परवानगी आहे

सोफियात सकाळचे दहा, इथे दीड.
माझं जेवण झालंय, ओटा आवरायचाय,
आणि ऋजुता फोन उंच धरून
मला साम्यवाद दाखवायला निघाली आहे.

पुढे वीसेक माणसं, लोकरीच्या टोप्या,
आणि छत्री उघडून उभा एक पोरगा.
पाऊस नाही. छत्री म्हणजे तो गाइड.
इथे म्हणे एका पुढाऱ्याची समाधी होती,
सुरुंग लावला तर नुसती एका अंगावर कलली.
आता काय आहे तिथे?
"काही नाही, आई. हिरवळ."
बराच वेळ मला ती हिरवळ दाखवते.

मग तळघरातली दुकानं. खिडकी पावलांशी,
काडेपेटी घ्यायची तरी उकिडवं बसायचं.
ऋजुताला जमत नाही, हात टेकते.
मला अजून जमतं.

गाडीसाठी बारा-बारा वर्षं नंबर, गाइड सांगतो.
सगळे हसतात, हीसुद्धा.
आमच्या स्कूटरचा नंबर लावला तेव्हा ही नव्हती.
स्कूटर आली तेव्हा ही पुढे उभी राहून, हँडल धरून,
अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंत ओरडत गेली होती.

आता तिकीट. आपले हजारेक रुपये.
तिसऱ्या मजल्यावरचं एक घर, जसंच्या तसं ठेवलेलं,
हात लावायला परवानगी आहे.
फ्रीजवर क्रोशाचा रुमाल.
रेडिओवर क्रोशाचा रुमाल.
कपाटात काचेमागे सहा कप, कुणीच कधी न प्यालेले.
"आई, हे बघ!"
टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेलं लोखंडी यंत्र,
लाकडी मूठ.

मी फोन फिरवते.
माझ्या ओट्यावर तेच. सकाळी त्यातून हरभऱ्याची डाळ काढली,
जाळी अजून पाण्यात पडली आहे.
रिफायनरीतल्या रशियन इंजिनियरची बायको, लुद्मिला,
परत जाताना देऊन गेली.
मांसाचं आहे ते. सासूबाईंना सांगितलं, शेवयांचं.
पन्नास वर्षं शेजारच्या हंसाबेन दारात येतात,
"रशिया आपो ने, बेन."

पलीकडे वीस माणसं
माझ्या ओट्याकडे बघतायत.
कुणीतरी फोटो काढतं.
मी पदर सारखा करते.

दाराशी खुंटीवर ओव्हरकोट.
घालून बघा, गाइड म्हणतो.
ऋजुता गप्प.

यांचं नाव होतं मॉस्कोच्या ट्रेनिंगच्या यादीत,
सात जणांत पाचवं.
रावपुऱ्यातल्या शिंप्यानं जन्मात ओव्हरकोट शिवला नव्हता,
शेरवानी डोळ्यांपुढे ठेवून शिवला त्यानं.
मे महिना. ट्रायलला अस्तर घामानं पाठीला चिकटलेलं,
आणि हे आरशासमोर ताठ, जणू बर्फ पडतोय.
मग यादी पुन्हा टाइप झाली.
सहा नावं.
त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.
संध्याकाळच्या क्लासातला एक शब्द तेवढा उरला, खराशो.
वरणात मीठ बरोबर पडलं की म्हणायचे.

ऋजुता कोट चढवते. बाह्या बोटांखाली येतात.
वरचं बटण लाव, मी म्हणते.
लावते.
"आई, बाबांचा कुठंय गं?"

डिसेंबर आहे. बडोद्याची थंडी ती केवढी,
पण दह्याला पुरते, लागू देत नाही.
मी कपाट उघडून पातेलं बाहेर काढते,
कोटात गुंडाळलेलं,
दोन्ही बाह्यांची वर गाठ.
गाठ सोडते, झाकण उचलते,
फोन आत धरते.
तिकडे सगळे वाकतात.
छत्रीवाला काहीतरी विचारतो, ऋजुता त्याला उत्तर देत नाही.

अजून हलतंय. मी झाकते,
बाह्या पुन्हा बांधते.
त्या पोराला वर थोडे जास्त दे, सांगते तिला.
त्याच्या बुटाचा तळ सुटलाय,
जिन्यात दिसला मला मगाशी.