कच्चं टिपण

बॅलार्ड इस्टेट, नोव्हेंबर १९६५.
तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना
ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच.
एका कोपऱ्यात खळ सुटलीय,
तेवढ्या फटीतून दिसतं बंदर,
क्रेनची मान, आणि एक बोट
जिचं काय करायचं ते आज ठरायचंय.

टेबलाशी सातजण. मी आठवी,
पण स्टेनोला मोजत नाहीत.

धैर्यवानसाहेब दिल्लीची तार वाचतात.
तिकडे ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांनी
राणीलाही न जुमानता
आपलं वेगळं राज्य जाहीर केलंय.
उरलेल्या चाळीस लाखांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता.
सबब, व्यापार बंद. सँक्शन्स.

माझी पेन्सिल अडते.
काल ह्याच शब्दानं माझी चार दिवसांची रजा मंजूर झाली,
आज ह्याच शब्दानं एका देशाची वाट अडवायची.
शॉर्टहँडमध्ये दोन्हींना एकच खूण.

कस्टमचे फुर्टाडो विचारतात,
तार यायच्या आधी पैसे चुकते झालेला माल कुणाचा?
नऊ नंबरच्या शेडमध्ये तीनशे दहा गाठी,
लाल-काळ्या नक्षीचं जाडंभरडं कापड,
बेइराला उतरून पुढं रेल्वेनं जाणारं.
गोरे थोडेच हे गुंडाळतात, लालनशेठ म्हणतात,
तंबाखूच्या मळ्यावरच्या बायकांचं आहे ते.

कुणीच काही बोलत नाही.
मग कुणीतरी चहाची चौकशी करतं.
"हे नका घेऊ," साहेब मला सांगतात.

साहेब, वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मला विचारा.
दापोलीकडच्या आमच्या गावात
वडील एका विधवेच्या लग्नात जेवून आले, एवढंच.
विहीर बंद. न्हावी बंद.
माझ्या वेळी आईला सुईण मिळाली नाही,
नाळ वडिलांनीच कापली, विळ्यानं.
अंधार पडला की मात्र
काशिनाथ वाण्याचं मागचं दार किलकिलं व्हायचं.
मीठ, घासलेट, काड्यांची पेटी,
पाहिजे ते मिळे, दुप्पट दरानं.
आणि गावबैठकीत
पहिला हात त्यानंच वर केलेला.

भिंतीवरच्या नकाशात मी मागची दारं मोजते.
बेइरा. लोरेन्सो मार्क्स.
खाली दक्षिणेला तर भिंतच नाही.
तेलाचं काय, कुणी विचारत नाही,
ते म्हणे लंडनमध्येच अजून ठरायचंय.

तरी बंद करा, म्हणते मी. मनातल्या मनात.
वडिलांनी काही केलं नव्हतं, ह्यांनी केलंय.
पण मग मागचंही करा.
आणि त्या मळ्यावरच्या बाईला कुणीतरी सांगा
की यंदाचं लुगडं मुंबईत का अडकलंय.
विचारलं तर ती हो म्हणेलही.
विचारलं तर.

सहा वाजतात. आज सोमवार,
एक वेळचं जेवण देशासाठी सोडायचा दिवस,
खालचं हॉटेल बंद.
फुर्टाडो खिशातले चणे पुढं करतात,
सातजण खातात, मग मलाही देतात.

मी टाइप करते:
साधकबाधक विचारविनिमय झाला.
गाठी पुढील आदेशापर्यंत रोखून धराव्यात.
एक मूळ, पाच कार्बन.
मूळ प्रत दिल्लीला जाते, ठळक, काळीभोर.
पाचवीवर 'रोखून' हा शब्द
उजेडाकडे धरला तरच लागतो.
पाचवी प्रत जाते
नऊ नंबरच्या शेडला.