पाव आटा

मांजरीच्या पुलाअलीकडं, उसाच्या ट्रॉल्या वळतात तिथं
आमचं शेड. पाटीवर अर्धं नाव मराठीत, अर्धं कन्नडात,
मधला ‘मोटर’ तेवढा दोन्हीकडून गंजलेला.

शिवलिंग अंबी उजाडतानाच आला,
टमटममध्ये गोणपाटात गुंडाळलेलं धूड घेऊन:
दोन सिलिंडर, पंचवीस घोडे,
वयानं माझ्याहून थोर.
‘अक्का, नदीच्या मध्यात दम खातंय बघ हे.’
अकरा महिने तो याच्यावर जाळी टाकतो.
बाराव्या महिन्यात पाणी चढतं
आणि त्याला कचेरीतून फोन येतो.

झाकण काढलं.
वरच्या सिलिंडरचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा,
खालचा काळा, ओला, चुलीतून काढल्यासारखा.
मग दिसलं: वरचा कार्बोरेटर मूळचा,
अंगावर झिजलेली जपानी अक्षरं.
खालचा कुठल्यातरी लिलावातल्या मोटारीचा,
पोटावर खिळ्यानं कोरलेलं एकच अक्षर, ‘रा’.
याच्या जेटवर पंच्याण्णव, त्याच्या जेटवर एकशे दहा.
एकाचा फ्लोट मेथीच्या दाण्याएवढा वर.

होनगेकर सर पेपर वाचायला येऊन बसलेले.
चष्मा सरकवून म्हणाले, ‘म्हणजे आपल्यासारखंच की!
दोन भाषा, एक इंजिन...’
मी म्हटलं, सर, बॅटरी जरा इकडं धरता?

बेळगावच्या दुकानदारानं फोनवरच हात जोडले:
‘कंपनी जिवंत आहे ताई, तुमचं मॉडेल मेलंय.’
म्हणून उद्यमबाग.
बसवंत पट्टणशेट्टीनं जेटचं भोक चांदीच्या डाकानं बुजवलं
आणि केसाएवढ्या ड्रिलनं, श्वास धरून, पुन्हा पाडलं.
पैसे घेतले नाहीत.
‘एवढ्याशा भोकाचं बिल कसं लिहू?’

परत आले तेव्हा आप्पा पायरीवर.
त्यांचे दोन्ही कान याच धंद्यात गेले, आधी उजवा.
त्यांची शिकवण एवढीच:
दोघांना सारखं करायला जाऊ नको, होत नाहीत.
दोघांचे पडदे एका क्षणी उघडू देत.

दांड्याचा स्क्रू सैल केला.
दोन्ही पडदे मिटले, मग आवळला.
मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून दोरी ओढली.
चौथ्या ओढीला निळा धूर, आणि सरांना खोकला.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं वरच्याच्या घशाशी: बारीक, लांब श्श्श.
खालच्याच्या घशाशी: जाड,
भिजलं घोंगडं ओढल्यासारखं.
शिवलिंग पिंपावर वाकून, जणू पोहऱ्याची दोरी सोडतोय,
‘इन्ना स्वल्प... इन्ना स्वल्प...’
मी फिरवत गेले.
‘साक, साक!’

आप्पा उठले. पिंपाला तळहात लावला,
डोळे मिटले.
पाण्यावरची वलयं एकमेकांत घुसत होती.
‘पाव आटा मागं,’ म्हणाले.
नळीत मला काहीच फरक ऐकू आला नव्हता.
पाव आटा मागं घेतला.
वलयं गोल झाली.

तरी सांगते, बरं झालं नाही पुरतं.
अगदी मंद चालीवर खालचा अजून कण्हतो.
शिवलिंगला बजावलं, काठाजवळ मोटार बंद कर, बांबू घे.
तो म्हणाला, ‘सरी.’ ऐकणार नाही, माहीत आहे.

दुपारी तो बावन सौंदत्तीच्या बाजूला निघाला.
पुलावरून ट्रॉल्या, खाली तो आवाज,
आणि मी काठावर, नळी अजून गळ्यात.
मध्यात पोचल्यावर एकदा ठेचकाळला.
माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडं.
मग पुन्हा धरलं दोघांनी.

रात्री खिसा झाडला तर एक वॉशर.
पितळी, लहान, अजून पेट्रोलचा वास.
वरच्याचा की खालच्याचा,
आप्पांना विचारलं.
त्यांनी तळहातावर घेतला,
बराच वेळ घेतला,
आणि डब्यात टाकला.